तिसऱ्या मजल्याचं काय करायचं?

मावशी,

मी मूळची चिपळूणजवळची. नऊ वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये पिरेअसला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि इथेच संसार मांडला. नवरा अल्बेनियन. सहा वर्षांचा असताना, १९९४ साली, आईवडिलांबरोबर अथेन्सला आला. शाळा इथलीच, ग्रीक तर माझ्या ग्रीक सहकाऱ्यांच्या तोडीचं. इलेक्ट्रिशियन आहे, हाताला काम भरपूर. मुलगी चार वर्षांची. सासरे गवंडीकाम करायचे. मंदीत काम गेलं आणि २०१२ मध्ये ते एकटेच लुश्नियाजवळच्या आपल्या गावी परत गेले. सासूबाई अजून अथेन्समध्येच, लोकांच्या घरी साफसफाई करतात.

गेल्या महिन्यात माळ्यावरची बॅग काढताना बिस्किटांचा डबा सापडला. आत ११,००० युरो, रोख! मला पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाला, "बँकेत कशाला?" आणि विषय बंद. त्यात आता त्याला गावच्या घरावर तिसरा मजला चढवायचाय. आहेत त्या दोन मजल्यांत सासरे एकटे राहतात, वरच्याला अजून खिडक्याही नाहीत. गच्चीवर गंजक्या सळया आणि एक फाटका टेडी बेअर टांगलेला. इथे भाडं वाढतच चाललंय. मी म्हणते त्या पैशांत अथेन्समध्येच छोटा फ्लॅट बघू, तर म्हणतो, "इथे काय आपलं?" सगळं आयुष्य इथे काढलेला माणूस! तो चिक्कू आहे, की माझ्यापासून काही लपवतोय? मी हट्ट धरू का?

– डब्याने झोप उडवलेली

*

अगं,

सल्ला आधी देऊन टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. तिसरा मजला बांधू नका. डबा तूर्त आहे तिथे राहू दे. फ्लॅटचा विषय दोन महिने काढू नकोस. आता हे असं का, ते सांगते, आणि त्याला जरा वेळ लागेल. तुझं पत्र आल्यापासून चार-पाच दिवस मी अल्बेनिया आणि ग्रीसबद्दल हाताला लागेल ते वाचत बसले होते.

पहिल्यांदा तो टेडी. त्याच्याकडे बघून तुला वाईट वाटत असेल, पण तो दुःखाचा नाहीये गं. अल्बेनियात त्याला दोर्दोलेत्स म्हणतात, म्हणजे बुजगावणं. अर्धवट बांधलेल्या घरावर जुनी बाहुली नाहीतर टेडी टांगतात, घराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. आपल्याकडे बांधकामावर काळी बाहुली उलटी टांगतात, तसंच. आणि सळया सोडून ठेवल्यात त्याही पुढच्या मजल्यासाठी. तिकडची कितीतरी घरं अशीच उभी राहिली: बाप परदेशात, दर ऑगस्टला सुट्टीवर येणार, साठवलेल्या पैशांतून एक भिंत, एक स्लॅब, एक जिना. अशा बाहेरगावच्या कमाईला त्यांच्याकडे शब्द आहे, कुर्बेत. उर्दूतल्या गुर्बतचा सख्खा भाऊ. तू कोकणातली, तुला चाकरमानी म्हटलं की पुढचं सांगायला नको.

पण आपल्या चाकरमान्यांच्या वाट्याला आलं नाही असं बरंच काही या लोकांनी बघितलंय. अल्बेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा, त्याच्या राजवटीत देश सोडून जायचा प्रयत्न करणं हा देशद्रोह होता. सीमेवर तारा आणि बंदुका. १९९०-९१ मध्ये ते दार एकदम उघडलं. ऑगस्ट १९९१ मध्ये 'व्लोरा' नावाचं जहाज सुमारे २०,००० माणसं घेऊन इटलीच्या बारी बंदरात शिरलं. त्याचे फोटो तू पाहिले असशील, डोलकाठीलाही माणसं लटकलेली. ग्रीसकडे जाणारे मात्र बहुतेक डोंगर तुडवत गेले. अथेन्सचा ओमोनिया चौक म्हणजे त्यांचा मजूर नाका. सकाळी उभं राहायचं, कोणी गाडी घेऊन आला की त्या दिवसाची मजुरी. कागद नाहीत. पोलीस अधूनमधून धरपकड करून बसभरून माणसं सीमेपार सोडायचे, आणि त्या मोहिमेला लोक 'स्कूपा' म्हणायचे, म्हणजे झाडू. परदेशी कामगारांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कायदेशीर कागद मिळायला लागले ते १९९८ मध्ये. म्हणजे तुझ्या नवऱ्याची पहिली चार वर्षं अशी गेली असणार की बाप संध्याकाळी घरी येईल की नाही, हे घरात कोणालाच माहीत नसायचं. मुलांची नावंही बदलून ग्रीक ठेवली जायची, शाळेत त्रास नको म्हणून. तुझ्या नवऱ्याला कामावर कोणत्या नावाने हाक मारतात? सहज विचार.

आता डबा. त्यामागे दोन गोष्टी असू शकतात.

पहिली १९९७ ची. अल्बेनियात तेव्हा दामदुप्पट योजनांचं पेव फुटलं होतं. आणि दामदुप्पट हा शब्द मी नुसता म्हणायला म्हणत नाही. १९९६ च्या अखेरीस एक कंपनी दोन महिन्यांत पैसे दुप्पट द्यायचं कबूल करत होती आणि दुसरी तीन महिन्यांत तिप्पट! लोकांनी घरं विकली, गुरं विकली, आणि ग्रीस-इटलीहून पोरांनी पाठवलेली कमाईही त्यातच घातली. १९९७ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं. या कंपन्यांची देणी जवळजवळ १२० कोटी डॉलर होती, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास. मग लष्कराची शस्त्रागारं लुटली गेली, सरकार पडलं, सुमारे २,००० माणसं मेली. सासऱ्यांचे पैसे त्यात होते की नाही हे मला माहीत नाही आणि तुलाही नसेल. पण तेव्हा नऊ वर्षांच्या असलेल्या पोराने घरात काय ऐकलं असेल, याचा अंदाज कर.

दुसरी तुमच्या अथेन्सचीच. जून २०१५ च्या शेवटी ग्रीसमध्ये बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळायला लागले. खात्यात कितीही असोत, हातात ६०. आता सांग, दोनदा हे बघितलेला माणूस बिस्किटांचा डबा ठेवतो, त्याला मी चिक्कू कशी म्हणू? तुझ्यापासून लपवला ही चूक आहेच, तिच्याकडे येते पुढे.

पण या सगळ्यापेक्षा मला जे वाचून सुन्न व्हायला झालं ते वेगळंच आहे. २०१० नंतरच्या मंदीत ग्रीक माणसाची नोकरी गेली तर नोकरी गेली. अल्बेनियन माणसाची नोकरी गेली की तिच्यामागोमाग त्याचे कागदही जायचे. तू तिथे कामाला आहेस, तेव्हा एन्सिमा हा शब्द तुला माहीत असेल. वाचकांसाठी सांगते: एन्सिमा म्हणजे विम्याचे दिवस. मालकाने कामाच्या प्रत्येक दिवसाचा विमा भरला की त्या दिवसाची नोंद होते. पूर्वी खरोखरच वहीत स्टॅम्प चिकटवायचे, नाव तिथूनच आलंय. परदेशी कामगाराला राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा तर अमुक इतक्या दिवसांचे एन्सिमा दाखवावे लागायचे. २००४ च्या ऑलिंपिकआधी अथेन्समध्ये स्टेडियमं, रस्ते, मेट्रो, सगळीकडे बांधकाम चालू होतं, तेव्हा गवंड्याला ददात नव्हती. मंदीत बांधकाम ठप्प झालं. २०१३ मध्ये देशातली बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली होती. जे काही काम उरलं होतं तिथेही मालक म्हणणार, विमा मागू नकोस, रोख घे आणि जा. विमा नाही म्हणजे दिवस नाहीत, दिवस नाहीत म्हणजे परवाना नाही. वीस वर्षं ज्या शहराच्या इमारती बांधल्या तिथे माणूस पुन्हा बेकायदा. काही जण तर पदरचे पैसे भरून एन्सिमा मिळवत होते, काम नसताना, नुसतं राहता यावं म्हणून.

बायकांचं काम मात्र बरंचसं टिकलं. साफसफाई, म्हाताऱ्यांची देखभाल, मुलं सांभाळणं. पगार कापले गेले, तास कमी झाले, पण काम राहिलं. त्यामुळे कित्येक घरांत नवऱ्याचा परवाना बायकोच्या परवान्यावर तगला. तुझ्या सासूबाई मागे का राहिल्या, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मला वाटतं तू कधी विचारलंच नाहीस. 'सासरे परत गेले, सासूबाई राहिल्या' एवढंच एका ओळीत लिहून तू पुढे सरकलीस. माझा अंदाज असा की २०१२ मध्ये त्या घरातली कमाई आणि कागद, दोन्हींचा भार त्यांच्या फरशी पुसण्यावर होता.

मला हे लिहिताना माझी मामी आठवतेय. १९८२ च्या गिरणी संपानंतर मामा वर्षभर वाट बघून संगमेश्वरला परत गेला. मामी लालबागच्या खोलीत राहिली आणि तिने खानावळ चालवली, एका वेळेला अठरा डबे. मामाला गावात कोणी "सुट्टीवर आलास का?" म्हणून विचारलं की तो "हो" म्हणायचा. चार वर्षं तो सुट्टीवर होता. पुढच्या पडवीचं बांधकाम त्याने तेव्हाच काढलं, मामीच्या डब्यांच्या पैशांतून. गरज कोणालाच नव्हती त्या पडवीची. मामी एकदाही बोलली नाही, आणि मी मात्र कॉलेजात जाणारी शहाणी, मी बोलले. मामा माझ्याशी दोन गणपती बोलला नाही.

म्हणून म्हणते, तिसरा मजला राहण्यासाठी नाहीच. कुर्बेतहून माणूस परत येतो तो म्हातारपणी, खिसा भरून, गावजेवण घालत. तुझे सासरे एका बॅगेनिशी परत आले. तेही एकटे नव्हेत: २००९ ते २०१३ या काळात अल्बेनियात परतलेल्या प्रौढांची संख्या सरकारी पाहणीत १,३३,००० च्या वर निघाली, आणि त्यातले दहातले सात ग्रीसहून आलेले. बाहेरून येणारा पैसाही आटला. २००७ मध्ये परदेशातल्या अल्बेनियन माणसांनी घरी ९५ कोटी युरोंच्या आसपास पाठवले होते, २०१३ पर्यंत ते ५५ कोटींच्या घरात आले. म्हणजे गावात सगळ्यांचीच तीच गत. पण त्यामुळे लाज कमी वाटते असं कुठे असतं? तुझ्या नवऱ्याला बापाच्या डोक्यावर तो मजला चढवायचाय, गावाने मान वर करून बघावं म्हणून. हे त्याला स्वतःलाही असं शब्दांत सांगता येणार नाही, आणि तूही सांगू नकोस. नवऱ्याला त्याच्या मनातलं समजावून सांगणारी बायको कोणालाच आवडत नाही.

"इथे काय आपलं?" याचाही हिशेब मांडून बघ. २०१० मध्ये, तो २२ वर्षांचा असताना, ग्रीसने कायदा केला की इथे शाळा शिकलेल्या परदेशी मुलांना नागरिकत्व मिळू शकेल. २०१३ मध्ये, तो २५ चा असताना, तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. २०१५ मध्ये, २७ व्या वर्षी, नवा कायदा आला. हो, नाही, बरं चल हो. या पाच वर्षांत त्याचे स्वतःचे कागद कोणत्या अवस्थेत होते, हे तुला माहीत आहे का? बाप जाताना हा मागे राहिला, तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न मात्र विचार. पैशांचा आधी नको, कागदांचा आधी. पैशांबद्दल विचारलंस की त्याला वाटेल तू हिशेब मागतेस. कागदांबद्दल विचारलंस तर माझी खात्री आहे, एका बैठकीत संपणार नाही इतकं तो बोलेल.

आता करायचं काय.

एका रविवारी सासूबाईंकडे जा, मुलीला घेऊन, नवऱ्याला न घेता. बसून त्यांच्या विम्याचे दिवस काढा. विम्याच्या सरकारी संस्थेचं नाव आता एफका झालंय आणि बरीचशी नोंद ऑनलाइन निघते. तुला ग्रीक फॉर्म भरायची सवय आहे, त्यांना नसेल. जुन्या वर्षांच्या कागदी वह्या असतील तर त्या फेकल्या गेल्या नाहीत ना, ते बघ. मग सासऱ्यांचेही दिवस काढा. ग्रीसमध्ये ६७ व्या वर्षी पेन्शन मिळायला किमान ४,५०० दिवस लागतात, ढोबळ हिशेबाने पंधरा वर्षं. सासऱ्यांना कागद १९९८ च्या आधी मिळालेले असणं जवळजवळ अशक्य आणि २०१२ ला तर ते गेले. एकही दिवस रिकामा गेला नाही असं धरलं तरी ही चौदा वर्षं होतात. थोडक्यात हुकलं! मंदीने या माणसांचं नेमकं काय नेलं, ते मला या एका वजाबाकीत दिसलं. तरी सोडून देऊ नका. त्यांना किती दिवस कमी पडतात, स्वतः भरून पुरे करता येतात का, अल्बेनियातल्या जुन्या सहकारी शेतीवरच्या वर्षांची बेरीज धरली जाते का, हे अथेन्समधल्या एखाद्या कामगार हिशेबनिसाला बसून विचारा. त्याची फी तिसऱ्या मजल्यापेक्षा खूपच कमी असेल. आणि थोडे दिवस भरून पेन्शन सुरू होत असेल, तर त्या डब्यातल्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. गावात बापाच्या नावावर दर महिन्याला ग्रीसहून पैसे येतील, त्याच्या स्वतःच्या कमाईचे.

तुझ्या मुलीचंही याच फेरीत बघून घे. नवऱ्याचं ग्रीक नागरिकत्व झालं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ती पहिलीत जाईल तेव्हा तिच्या अर्जाची वेळ येते आणि आईवडिलांच्या कायदेशीर वास्तव्याची वर्षं मोजली जातात. तुमच्या दोघांच्या परवान्यात मध्येच खंड पडलेला नको. वकिलाला आत्ताच दाखव.

डब्याबद्दल. त्यात किती आहेत हे दोघांना माहीत असायला हवं, एवढीच अट घाल आणि ती सोडू नकोस. तुझ्याशी संसार करताना ११,००० युरो माळ्यावर दडवणं हे चूकच आहे, त्याला १९९७ आणि २०१५ ने माफी मिळत नाही. तू रागावलीस ते बरोबरच केलंस. तीन-चार महिन्यांच्या खर्चाचे घरात राहू देत, उरलेले बँकेत, दोघांच्या नावावर. युरोपात बँक बुडाली तरी एका खातेदाराच्या १,००,००० युरोंपर्यंतच्या ठेवीला हमी असते, हे त्याला सांगून बघ. ऐकेलच असं नाही, कारण त्याची भीती बँक बुडण्याची नसून एटीएमच्या रांगेची आहे. म्हणूनच घरातले थोडे घरात राहू देत म्हणते.

फ्लॅटचं दोन महिन्यांनी बोल. तेव्हा "आपण इथेच राहायचं का?" असा मोठा प्रश्न टाकू नकोस. लेकीची शाळा कुठे, तिथून सासूबाईंचं घर किती लांब, एवढ्यापासून सुरू कर.

आणि गावच्या घराचं. "नको" म्हणून मोकळी होऊ नकोस, उलट तूच पुढाकार घे. दुसऱ्या मजल्याला खिडक्या बसवा. खाली नीट न्हाणीघर करा, सासरे आता काही तरुण नाहीत. त्याआधी घर आणि जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर लागलेली आहे ते बघा. तिकडे परवानगीशिवाय बांधून नंतर नियमित करून घेतलेली घरं पुष्कळ आहेत, त्यात नवीन मजल्याची भर नको. शिवाय लुश्निया म्हणजे भाजीपाल्याचा मुलूख, परतलेल्या कितीतरी जणांनी तिथे ग्रीसमध्ये शिकलेल्या पद्धतीने प्लास्टिकची हरितगृहं घातलीयत. सासऱ्यांना तसलं काही हवंय की त्यांना खरंच मजलाच हवाय, हे त्यांना कोणी विचारलंय का? मुलगा बापासाठी बांधतोय, बाप कदाचित मुलाच्या सळया गंजू नयेत म्हणून "बांध" म्हणतोय. माझ्या मामाच्या पडवीचीही गरज कोणालाच नव्हती.

ऑगस्टमध्ये जाणार असालच, तर सासूबाईंनाही बरोबर घ्या. काकाव्हियाच्या सीमेवर त्या दिवसांत गाड्यांची लांबलचक रांग लागते म्हणतात. पोरीसाठी पाणी आणि खायला जास्तीचं ठेव, आणि त्या रांगेत नवऱ्याला विचार, १९९४ ला तुम्ही इथून कसे आलात.

– मावशी